पारी/जीपी: २^६७ − १ या एका संख्येच्या कसोटीवर

मोठ्या पूर्णांकांचे गुणधर्म तपासायला जी मोफत साधनं आहेत, त्यांत पारी/जीपीचं नाव बहुतेक वेळा आधी निघतं. त्याची परीक्षणं मात्र सोयींची यादी देऊन थांबतात. इथे एकच संख्या घेतली आहे आणि तिच्याबद्दल विचारण्यासारखं जे जे आहे ते या सॉफ्टवेअरला विचारलं आहे. उत्तर बरोबर येतं का, ते कशाच्या जोरावर बरोबर मानायचं आणि वापरणारा कुठे घसरतो, हे सगळं त्यातून बाहेर येतं.

संख्या आहे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २^६७ − १. पुढे तिला ‘म’ म्हणू. मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २^प − १ या रूपातल्या मूळ संख्यांची जी यादी दिली तिच्यात ६७ हा घातांक होता. एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव हाती लागले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. यांना अनुक्रमे ‘क’ आणि ‘ख’ म्हणू.

इतिहासासाठी ही संख्या निवडलेली नाही. ती चाचणीसाठी चांगली आहे, कारण ६४ बिटांच्या मर्यादेपेक्षा ती जेमतेम तीन बिटांनी मोठी आहे, १९ कोटींच्या खाली तिला एकही मूळ अवयव नाही, आणि मूळपणाच्या सर्वांत प्रचलित झटपट कसोटीला ती सरळ चकवते. आकाराने लहान असूनही साधनाची दुबळी बाजू उघडी पाडणारी अशी संख्या सहज सापडत नाही.

आधी सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. बोर्डो विद्यापीठात आँरी कोएन यांच्या गटाने १९८५ मध्ये याची सुरुवात केली. आता करीम बेलाबास आणि स्वयंसेवक ते सांभाळतात. परवाना जीपीएल, किंमत शून्य. पारी हे सी भाषेतलं ग्रंथालय आणि जीपी हा त्यावर बसवलेला आज्ञा देण्याचा पडदा. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो, लिनक्सवर पॅकेज व्यवस्थापकातून येतं, आणि काहीच बसवायचं नसेल तर अधिकृत संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. ती संथ आहे आणि तिला मेमरी बेताचीच मिळते, पण एकवीस अंकांना तेवढं पुरतं.

या लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. आकडेही रोमनच हवेत. देवनागरी अंक जीपी ओळखत नाही आणि ‘सिंटॅक्स एरर’ देऊन मोकळं होतं. वेबपानावरून सूत्र चिकटवताना लांब वजाबाकीचं चिन्ह येतं, त्यानेही हीच त्रुटी येते. कीबोर्डवरचं साधं आडवं चिन्ह पुन्हा टाइप करावं.

संख्या आत घालणं हेच पहिलं काम, आणि इतर साधनं इथेच गळतात. स्प्रेडशीटमध्ये ‘म’ टाकली की फक्त पहिले पंधरा अंक टिकतात आणि १४७५७३९५२५८९६७६०००००० उरते. दशांश चिन्हाच्या ६४-बिट रूपात ती पूर्णांकित होऊन थेट २^६७ होते, शेवटचा अंक ७ चा ८ होतो आणि मग ‘अवयव’ म्हणून दोनाचे सदुसष्ट घात हातात येतात. जावामध्ये ६४-बिट पूर्णांक १ डावीकडे ६७ घरं सरकवला, तर ६४ वजा होऊन तो तीनच घरं सरकतो. त्यातून १ वजा केला की उत्तर ७. यांपैकी कुठेच त्रुटीचा संदेश येत नाही. जीपीमध्ये पूर्णांकाला लांबीची अशी मर्यादा नाही. २^६७-१ लिहिलं की एकवीसही अंक जसेच्या तसे येतात.

तरीही जीपीत घसरायच्या दोन जागा आहेत. १ई२० असं लिहिलं की ती जीपीच्या दृष्टीने वास्तव संख्या होते, पूर्णांक नाही. मूळ आहे का असं विचारलं तर प्रकार चुकल्याचं सांगून नकार येतो. तिथे १०^२० लिहावं. दुसरी जागा जास्त वाईट आहे. अंकांच्या गटांमध्ये स्वल्पविराम ठेवले तर जीपी त्यांना वेगवेगळे घटक समजतं. स्वल्पविराम बरेच असतील तर निदान त्रुटी तरी येते. पण ‘फॅक्टर’ला १४७,५७३ असं दिलं, तर ते १४७ चे अवयव काढतं, ५७३ ही शोधाची मर्यादा धरतं, आणि ३ गुणिले ७ चा वर्ग असं निष्पाप उत्तर देतं. प्रश्नच बदलला गेला हे कळायला मार्ग नाही.

आता मुख्य प्रश्न. ‘फॅक्टर’मध्ये ‘म’ टाकली की दोन ओळींची सारणी येते: डाव्या रकान्यात मूळ अवयव, उजव्यात त्यांचे घातांक. इथे दोन्ही घातांक १. वेळ मोजायचा असेल तर आधी फक्त # टाइप करून एंटर दाबावं. मग प्रत्येक उत्तराखाली मिलीसेकंद दिसतात. ‘म’साठी साध्या लॅपटॉपवर काही मिलीसेकंद लागतात.

आतमध्ये क्रम साधारण असा: आधी छोट्या मूळ संख्यांनी भाग, मग पोलार्डची ऱ्हो पद्धत, शँक्सची वर्गरूपांची पद्धत, लेन्स्ट्रा यांची लंबवर्तुळी वक्रांची पद्धत, आणि शेवटी बहुपदी द्विघाती चाळणी. कोणती पायरी चालू आहे ते बघायचं असेल तर उलटी तिरकी रेघ, जी आणि ४ असं टाइप करून डिबग पातळी वाढवता येते. ‘क’चं वर्गमूळ सुमारे १३,९१८, त्यामुळे ऱ्हो पद्धतीला काही हजार ते काही दहा हजार पावलं पुरावीत, म्हणजे क्षणभराचं काम. याउलट जवळजवळचे अवयव शोधणारी फर्माची पद्धत इथे निरुपयोगी आहे. ‘म’चं वर्गमूळ सुमारे १,२१४.८ कोटी, तर दोन अवयवांची सरासरी ३८,१०१ कोटींच्या वर. मधली सुमारे ३६,८८७ कोटी पावलं कोणी चालायला जाणार नाही. ‘ख’ हा ‘क’च्या जवळपास ३,९३३ पट आहे, त्याची ही किंमत.

सारणीतल्या संख्या खरोखर मूळ आहेत का? दस्तऐवज वाचला तर धक्का बसतो: ‘फॅक्टर’ने दिलेले अवयव मूलतः ‘बहुधा मूळ’ असतात, सिद्ध केलेले नसतात. सिद्धता हवी असेल तर ‘फॅक्टर अंडरस्कोअर प्रूव्हन’ ही मूलभूत सेटिंग १ करावी लागते. मात्र ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही २^६४ पेक्षा लहान आहेत, आणि जीपी वापरतं त्या बीपीएसडब्ल्यू या मूळपणाच्या झटपट कसोटीला (तिचे दोन भाग पुढे येतील) २^६४ च्या खाली एकही अपवाद नाही, हे पूर्ण तपासलेलं आहे. म्हणून या उत्तराला वेगळ्या सिद्धतेची गरज उरत नाही. पंचवीस-तीस अंकी अवयव आले की ती सेटिंग जरूर चालू करावी. तेवढ्या आकाराला सिद्धतेचा वेळ जाणवतही नाही, त्यामुळे ती मुळातच चालू का नसते, हे कोडं आहे.

या परीक्षणातला सगळ्यांत रसाळ भाग मूळपणाच्या कसोटीचा. ‘म’ घ्या आणि फर्माची कसोटी पाया २ धरून लावा: २ चा (म − १) वा घात, भागिले ‘म’, बाकी किती? उत्तर १. म्हणजे कसोटी म्हणते, ‘मूळ असावी’. साहजिक आहे: २^६७ ला ‘म’ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि म − १ = २ × (२^६६ − १) या संख्येला ६७ ने भाग जातो. मिलर-राबिनची कडक कसोटी लावली तरी सुटका नाही. म − १ मधून एकच २ बाहेर पडतो, उरलेल्या २^६६ − १ लाही ६७ ने भाग जातो, त्यामुळे तिथेही १ च येतो. घातांक मूळ असलेली प्रत्येक संयुक्त मर्सेन संख्या पाया २ ला अशीच फसवते. घाईत लिहिलेल्या कितीतरी आज्ञावल्या फक्त पाया २ तपासतात. त्या ‘म’ला मूळ ठरवून पुढे जातात.

जीपीत हा हिशेब करताना लिहिण्याची पद्धत महत्त्वाची. ‘मॉड’मध्ये २ आणि ‘म’ देऊन मग त्या वस्तूचा घात घ्यायचा. आधी २ चा घात घेऊन नंतर टक्केचिन्हाने बाकी काढायला गेलात, तर जीपी तो घात खरोखर काढू पाहतं. त्या संख्येत शंभर कोटी कोटींहून कितीतरी जास्त अंक असतील. ती कुठल्याच मेमरीत मावत नाही आणि ‘ओव्हरफ्लो’ येतो. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक.

पाया २ इतका दुर्दैवी का, हेही जीपीकडूनच काढता येतं. क − १ आणि ख − १ यांचा मसावि विचारला की १२०६ येतो. फर्माच्या कसोटीत ‘म’ला खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या पायांची संख्या या मसाविचा वर्ग, म्हणजे १४,५४,४३६. कडक कसोटीत त्यांतले निम्मे, ७,२७,२१८ उरतात. ‘म’पेक्षा लहान संख्यांमधून यादृच्छिक पाया निवडला तर फसण्याची शक्यता दोन कोटी कोटींमध्ये साधारण एक. आणि सगळे सवयीने निवडतात तो २ नेमका त्या मूठभरांतला. पाया ३ घेतला की कसोटी ‘म’ला लगेच संयुक्त ठरवते.

मग ‘इझप्राइम’ला विचारल्यावर ० कसं येतं? जीपीची बीपीएसडब्ल्यू कसोटी दोन भागांची आहे: पाया २ ची कडक कसोटी, आणि तिच्या जोडीला ल्युका अनुक्रमांची कडक कसोटी. पहिला भाग ‘म’ला पास करतो, हे वर पाहिलंच. पकडतो तो दुसरा. त्यासाठी पारी सर्वांत लहान असा प निवडतं की ज्यासाठी प^२ − ४ हा मापांक ‘म’ला, म्हणजे ‘म’ने भागल्यावरच्या बाकीच्या हिशेबात, वर्ग नसतो. ‘म’चा शेवटचा अंक ७, म्हणजे ५ ने भागल्यावर बाकी २; म्हणून ५ हा ‘म’च्या मापांकात वर्ग नाही आणि प = ३ लगेच चालतो. दोन्ही भाग एकत्र का ठेवतात याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून मिळणार नाही. जीपी मात्र यातलं अवाक्षर सांगत नाही. त्याचं उत्तर फक्त ०. कोणत्या भागाने नापास केलं हे कळायला हवं होतं. ही या सॉफ्टवेअरविरुद्धची आमची पहिली तक्रार.

मर्सेन संख्यांसाठीची ल्युका-लेमर कसोटी तयार आज्ञा म्हणून शोधत बसू नये, एका ओळीत होते. ‘मॉड’मध्ये ४ आणि ‘म’ घ्या, मग ६५ वेळा ‘वर्ग करा, २ वजा करा’. घातांक ६७ असेल तर फेऱ्या ६५ च. चुकून ६६ वा ६७ केल्या तर खरी मूळ मर्सेन संख्याही नापास होते, कारण शून्य आल्यावर पुढची फेरी उणे २ देते आणि त्यापुढची २. ‘म’साठी शेवटी शून्य येत नाही, म्हणजे संयुक्त. कसोटी लिहून झाली की घातांक ६१ आणि ५९ फेऱ्या देऊन बघावं. तिथे शून्य यायलाच हवं, कारण २^६१ − १ मूळ आहे. मर्सेनच्या यादीतून तो घातांक मात्र सुटला होता.

अवयव ‘हाताने’ शोधायचे असतील तर जीपी फार सोयीचं आहे. २^६७ − १ चा कोणताही मूळ अवयव १३४त + १ या रूपातच असतो, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ देतो. दोन्ही अटी जुळवल्या की त ला ४ ने भागल्यावरची बाकी ० किंवा १ उरते. ‘क’साठी त = १४,४५,५८०. म्हणजे चाळणी लावून फक्त ७,२२,७९० उमेदवार तपासायचे. प्रत्येकासाठी ‘मॉड’मध्ये २ चा ६७ वा घात १ येतो का, एवढंच बघायचं. सेकंदभराचं काम. रूपाची अट न वापरता सगळ्या मूळ संख्यांनी भागत गेलात तर त्याच टप्प्यापर्यंत एक कोटीहून अधिक भागाकार लागतात. ‘ख’साठीचा त मात्र ५६८ कोटींच्या वर आहे, पण ‘क’ सापडल्यावर तो नुसत्या भागाकाराने मिळतो. इथे तिरकी रेघ वापरावी. भाग पूर्ण गेला तर पूर्णांक येतो, नाही गेला तर अपूर्णांक तसाच छापला जातो, म्हणजे पडताळणी आपोआप होते. उलटी तिरकी रेघ बाकी टाकून देते आणि चूक झाकते.

पोलार्डची ‘उणे एक’ पद्धत जीपीत तयार आज्ञा म्हणून मिळत नाही. ही उणीव खरी, पण चार ओळींत भरून निघते. पाया ३ ‘मॉड म’ घ्यायचा, एका मर्यादेपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येचा त्या मर्यादेत बसणारा सर्वांत मोठा घात घेऊन पायाला चढवत जायचा, शेवटी १ वजा करून ‘म’शी मसावि काढायचा. फेऱ्यांसाठी ‘फॉरप्राइम’, घातांकासाठी ‘लॉगइंट’, आणि मसाविआधी ‘लिफ्ट’. ही पद्धत ‘म’वर चालते कारण

क − १ = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
ख − १ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

दोन्हींत मोठा मूळ अवयव नाही. मर्यादा ३००० ठेवली की क − १ पूर्णपणे आत येतं, ८५३९ बाहेर राहतो, आणि मसावि ‘क’ मिळतो. ‘ख’ही सोबत ओढला जाण्याची शक्यता ८५३९ मध्ये एक.

चूक इथून सुरू होते. ‘मर्यादा जितकी मोठी तितकं बरं’ म्हणून ९००० ठेवली, तर दोन्ही अवयव एकदमच गळाला लागतात आणि मसावि म्हणून ‘म’ स्वतःच परत येते. पद्धत फसली असं वाटतं, पण ती गरजेपेक्षा जास्त यशस्वी झालेली असते. उपाय दोन: मर्यादा कमी करावी, किंवा दर काही मूळ संख्यांनंतर मसावि तपासत जावा. दुसरा उपाय चांगला, कारण योग्य मर्यादा आधी माहीत नसतेच.

तिसरी अडचण फक्त मर्सेन संख्यांची आहे आणि बरेच जण तिच्यात अडकतात. पाया २ घेतला तर ही पद्धत ‘म’ला कधीच फोडू शकत नाही. ‘क’ आणि ‘ख’ या दोन्ही मापांकांत २ ची कोटी, म्हणजे २ चा ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ उरते तो घातांक, ६७ च आहे (‘झेडएनऑर्डर’ने तपासता येते). मर्यादा ६७ च्या खाली असेल तर मसावि १, ६७ किंवा वर असेल तर ‘म’. मधलं काही नाही. मर्सेन संख्यांवर उणे-एक पद्धत चालवताना ३ घ्यायचा तो यासाठीच.

विभाजकांशी संबंधित फलनं झपाट्याने उरकतात. विभाजक ४, वर्गमुक्त, म्यूबियस मूल्य १, ऑयलरचं फाय १४७५७३९५१८२७६४४४४७९२०, विभाजकांची बेरीज १४७५७३९५३३५१७०८३७७९३६. अंकांची बेरीज १०९. दुमानी लेखनात सलग ६७ एक, त्यामुळे ‘हॅमिंगवेट’ ६७. आठने भागल्यावर बाकी ७, म्हणून ही संख्या तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही, चार लागतातच.

एक सल्ला मात्र इथे महत्त्वाचा. ‘सिग्मा’, ‘ऑयलरफाय’, ‘न्यूमडिव्ह’ यांना दर वेळी संख्या दिली की प्रत्येक आज्ञा अवयवांपासून सुरुवात करते. त्यापेक्षा ‘फॅक्टर’चं उत्तर एका चलात ठेवावं आणि ती सारणीच या फलनांना द्यावी, ती स्वीकारली जाते. एकवीस अंकांना फरक दिसणार नाही, ऐंशी अंकांना तीच गोष्ट काही मिनिटं वाचवते. आधीच माहीत असलेला मोठा मूळ अवयव ‘ॲडप्राइम्स’ने नोंदवून ठेवता येतो, मग ‘फॅक्टर’ तो आपणहून वापरतं.

‘म’ मूळ असती तर २^६६ × म ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांच्या बेरजेइतकी, झाली असती. नाही, तर मग ती काय आहे? सिग्मा, म्हणजे विभाजकांची बेरीज, विचारलं की ती विपुल निघते (बेरीज दुपटीहून जास्त), आणि जास्तीचा भाग नेमका म × (क + ख), म्हणजे म × ७६२०३१९६५००८. एक्केचाळीस अंकी संख्येवरचं हे समीकरण जीपीत दोन समान चिन्हं देऊन तपासा, उत्तर १ येतं. एकच चिन्ह दिलं तर ते मूल्य भरणं ठरतं, तुलना नव्हे.

आता उरलेल्या तक्रारी. अनेक ओळींची आज्ञावली फाइलमधून वाचताना जीपी प्रत्येक ओळ संपली की आज्ञा संपली असं धरतं. महिरपी कंसांत गुंडाळली नाही तर मधेच तुटते आणि त्रुटी भलत्याच ओळीची दाखवते. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तर हजारो अंक पडद्यावर सांडतात. सुरुवातीची स्टॅक मेमरी जेमतेम ८० लाख बाइट असते. ‘म’ला ती भरपूर, पण भरमसाट विभाजकांच्या संख्येची यादी मागितली की ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ येतो. ‘पारीसाइझमॅक्स’ १ गिगाबाइट ठेवली की बहुतेक प्रश्न मिटतात. ती सेटिंग घरच्या निर्देशिकेतल्या जीपीआरसी फाइलमध्ये कायमची लिहावी. मदत एका प्रश्नचिन्हाने थोडक्यात आणि दोन प्रश्नचिन्हांनी सविस्तर मिळते. ती अचूक आहे, पण संख्या-सिद्धांत येणाऱ्यांसाठीच लिहिलेली.

सर्वांत मोठी मर्यादा आकाराची. दोन तुल्यबळ मूळ अवयव असलेली साठ अंकी संख्या सेकंदांत फुटते, ऐंशी अंकांना मिनिटं लागतात, शंभराच्या आसपास तास. मधेच कंट्रोल-सी दाबलं किंवा वीज गेली की चाळणीचं केलेलं काम वाया जातं, कारण ते कुठेही साठवलं जात नाही. त्या आकारासाठी याफू, आणि त्याच्याही पुढे कॅडो-एनएफएस हीच साधनं योग्य. २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये कॅडो-एनएफएसनेच फोडली गेली.

आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर डारियो आल्पर्न यांचं ब्राउझरमधलं अवयव-गणकयंत्र बघावं. सूत्र टाका, बटण दाबा, आणि अवयवांसोबत विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, फाय, म्यूबियस आणि वर्गांच्या बेरजेतली मांडणीही एकाच पानावर येते. हिशेब तुमच्याच यंत्रावर चालतो, आणि मोठ्या संख्येचं अर्धवट काम ब्राउझर लक्षात ठेवतो, जे जीपी करत नाही. नुसती ‘म’ची माहिती हवी असेल तर तेच जलद. कोटी, मसावि, स्वतःची कसोटी, रूपाची चाळणी असे पुढचे प्रश्न आले की मात्र जीपीकडेच यावं लागतं.

आमच्याकडून पाचपैकी चार. अर्धा गुण गेला ‘इझप्राइम’च्या मुक्या शून्यासाठी, अर्धा स्वल्पविरामाच्या त्या सापळ्यासाठी. वीस ते सत्तर अंकांच्या एखाद्या संख्येची कसून चौकशी करायची असेल आणि आज्ञा शिकायची तयारी असेल, तर हे बसवून घ्यावं. पायऱ्या लिहून दाखवणारं शिकवणीचं साधन हवं असेल, तर हे ते नव्हे. आणि कामाला बसण्याआधी उलटी तिरकी रेघ व एल टाइप करून नोंद-फाइल सुरू करावी. खिडकी बंद झाली की पडद्यावरचे जुने अंक परत मिळत नाहीत.